सभापतीपद ते पंतप्रधानपद: सामोआच्या लाआउली श्मिटबद्दल कोणी नीट सांगेल का?

डिचोलीकर_८८

नमस्कार मंडळी. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या गोव्यात रमेश तवडकर विधानसभेचं सभापतीपद सोडून मंत्री झाले तेव्हा आमच्या घरात मोठा वाद झाला होता. काकांचं म्हणणं, सभापती म्हणजे मानाची खुर्ची, पण एकदा तिथं बसलात की राजकारणातून बाजूला पडलात, म्हणून कोणाला तिथं जास्त दिवस राहायचं नसतं. मला ते काही पटलं नाही. मग वाचता वाचता एक बातमी सापडली की त्याच्या पुढच्याच महिन्यात, १६ सप्टेंबर २०२५ ला, सामोआत लाआउली लेउआतेआ श्मिट नावाचा माणूस पंतप्रधान झाला आणि तो आधी तिथल्या संसदेचा सभापती होता. मधे मंत्रीपण होता, पक्षातून बाहेर पडला, स्वतःचा पक्ष काढला, मग त्या पक्षाची सूत्रं दुसऱ्याला दिली आणि शेवटी त्याच पक्षातून पंतप्रधान. एवढं सगळं पंधरा वर्षांत!

सामोआ म्हणजे पॅसिफिकमधला छोटा देश, उपोलू आणि सवाईई ही दोन मोठी बेटं, क्षेत्रफळ गोव्यापेक्षा कमी, लोकसंख्या साधारण दोन लाख. आणि गंमत बघा, आपण १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झालो आणि ते १ जानेवारी १९६२ ला न्यूझीलंडकडून स्वतंत्र झाले, म्हणजे मधे दोन आठवडेसुद्धा नाहीत. त्यांच्या संसदेत ५१ जागा, आपल्या विधानसभेत ४०. एवढ्या लहान सभागृहात सगळे एकमेकांना ओळखतात, दोन माणसं इकडची तिकडं झाली की सरकार पडतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

तर मला कळून घ्यायचंय की सभापती म्हणून त्याचं काम कसं होतं, त्या खुर्चीचा त्याला पुढं उपयोग झाला की अडचण झाली, आणि २०२१ मध्ये संसदेला कुलूप लावलं होतं म्हणतात ते नक्की काय प्रकरण. इंग्रजी बातम्या तुकड्यातुकड्यात आहेत, सलग कोणीच सांगत नाही.

गॅलरीतला_प्रेक्षक

प्रश्न चांगला आहे, सलग सांगायचा प्रयत्न करतो, लांबेल, वाचा.

लाआउली सवाईई बेटाच्या उत्तरेकडचा, गागाइफोमाउगा भागातला. आधी धंद्यात होता. २००६ मध्ये निवडून आला ते ह्युमन राइट्स प्रोटेक्शन पार्टीतून, म्हणजे एचआरपीपी. हा पक्ष १९७९ मध्ये निघाला, १९८२ ला सत्तेत आला आणि मधली दोनेक वर्षं सोडली तर २०२१ पर्यंत तिथंच होता. तुइलाएपा साइलेले मालिएलेगाओई हे १९९८ पासून पंतप्रधान, बावीस वर्षांच्या वर. विरोधी पक्ष नावापुरताच राहिला होता. म्हणजे राजकारण करायचं तर याच पक्षात, दुसरा रस्ताच नव्हता असं म्हटलं तरी चालेल.

२०११ मध्ये तो सभापती झाला आणि २०१६ पर्यंत राहिला. याच काळात संसदेत एक गोष्ट झाली ती नीट लक्षात ठेवा कारण पुढं सगळं नाट्य तिच्यावरच फिरतं. २०१३ मध्ये घटनादुरुस्ती झाली की संसदेत किमान दहा टक्के महिला पाहिजेतच. निवडणुकीत तेवढ्या आल्या नाहीत तर हरलेल्या महिलांपैकी ज्यांना जास्त मतं पडली त्यांना जादा जागा तयार करून सभागृहात घ्यायचं. चांगली तरतूद आहे, मनापासून वाटतं आपल्याकडे असायला हवी होती, आपल्या चाळीसमध्ये महिला किती असतात ते एका हाताच्या बोटांवर मोजता येतं. पण मसुदा लिहिताना दहा टक्के हा शब्द घातला आणि सोबत 'सध्या पाच' असंही लिहून ठेवलं. तेव्हा जागा होत्या ४९, त्यामुळे हिशेब जुळत होता. पुढं जागा ५१ झाल्या.

२०१६ नंतर तो कृषिमंत्री झाला. २०१७ मध्ये एका खासगी कंपनीच्या व्यवहारावरून त्याच्यावर आरोप झाले, मंत्रिपद सोडावं लागलं, कोर्टात मात्र तो सुटला. पण तुइलाएपांशी बिनसलं ते बिनसलंच.

मग २०२० मध्ये सरकारनं तीन विधेयकं आणली. मुख्य मुद्दा असा की जमिनी आणि गावप्रमुखपदांचे तंटे सोडवणारं जे वेगळं कोर्ट आहे ते सुप्रीम कोर्टाच्या देखरेखीतून बाहेर काढायचं. सामोआत ऐंशी टक्क्यांच्या आसपास जमीन कुळांच्या सामाईक मालकीची आहे, ती विकता येत नाही. आपल्या कोमुनिदादच्या, म्हणजे गावच्या सामाईक, जमिनींवरून गावागावात काय होतं ते ज्यानं बघितलंय त्याला या विधेयकांवर लोक एवढे का पेटले ते लगेच कळेल. लाआउलीनं विरोध केला, पक्षाबाहेर गेला, आणि त्यांच्या कायद्याप्रमाणे ज्या पक्षावर निवडून आलात तो सोडला की जागा जाते, तशी त्याची जागा रिकामी झाली. ज्या खुर्चीवर पाच वर्षं बसून त्यानं हेच नियम चालवले त्याच नियमानं त्याला बाहेर काढलं. तो पोटनिवडणुकीला उभा राहिला, पुन्हा जिंकला. याच सुमारास त्यानं फास्ट नावाचा पक्षही काढला. मला विचाराल तर त्याच्या सगळ्या करिअरमधली ही सगळ्यात मोठी गोष्ट. पक्ष सोडला, लोकांकडे गेला, पुन्हा मत मागितलं. तोपर्यंत बाकी सगळं पदांचं राजकारण होतं.

मांद्रे_ते_ऑकलंड

मी मूळचा मांद्र्याचा, बरीच वर्षं ऑकलंडला आहे. इथं दक्षिण भागात सामोअन लोक खूप, कामावर माझे निम्मे सहकारी तिकडचेच. २०२१ चं मी लिहितो कारण ते आम्ही कँटीनमध्ये फोनवर लाईव्ह बघितलंय.

९ एप्रिल २०२१ ला निवडणूक. एचआरपीपी २५, फास्ट २५, एक अपक्ष. वर गॅलरीवाल्या दादांनी सांगितलेली दहा टक्क्यांची भानगड इथं आली. महिला निवडून आल्या पाच, जागा ५१, पाच म्हणजे ९.८ टक्के, म्हणून निवडणूक आयोगानं आणि राष्ट्रप्रमुखांनी एचआरपीपीच्या एका महिलेला सहावी म्हणून घेतलं. तो अपक्ष फास्टकडे गेला आणि झाले २६ विरुद्ध २६. लगेच राष्ट्रप्रमुखांनी पुन्हा निवडणूक जाहीर केली. १७ मेला सुप्रीम कोर्टानं दोन्ही रद्द केलं, ती सहावी जागाही गेली आणि फेरनिवडणूकही गेली. (पुढं अपील कोर्टानं सांगितलं की दहा टक्के म्हणजे सहाच, पण ती जागा सगळ्या याचिका आणि पोटनिवडणुका झाल्यावर भरायची.)

निवडणुकीनंतर ४५ दिवसांत संसद भरलीच पाहिजे असं घटनेत आहे, त्याचा शेवटचा दिवस २४ मे. शनिवारी रात्री राष्ट्रप्रमुखांनी अधिवेशनच स्थगित केलं. रविवारी, म्हणजे ज्या देशात रविवारी लोक पांढरे कपडे घालून चर्चला जातात आणि बाकी सगळं बंद असतं तिथं, सुप्रीम कोर्ट बसलं आणि म्हणालं की ही स्थगिती चालणार नाही. सोमवारी सकाळी फास्टचे आमदार मुलिनुउला संसदेपाशी गेले तर दाराला कुलूप. तेव्हाचे सभापती लेआउपेपे तोलेआफोआ फाआफिसी, एचआरपीपीचेच, त्यांच्या हुकमावरून. मग चीफ जस्टिस सातिऊ सिमातिवा पेरेसे बाकी न्यायाधीशांना घेऊन, झगे आणि ते पांढरे विग घालून, कोर्टातून चालत आले, दारापर्यंत गेले, दार बंद आहे ते स्वतः बघितलं आणि परत गेले. काही बोलले नाहीत. माझ्या बाजूला बसलेला सहकारी पन्नाशीचा, दांडगा माणूस, तो रडत होता.

दुपारनंतर फास्टनं तिथंच हिरवळीवर तंबू ठोकला. लोक प्रार्थनागीतं म्हणत बसले. संध्याकाळी त्या तंबूत शपथा झाल्या, फियामे नाओमी मताआफा पंतप्रधान म्हणून, देशातली पहिली महिला पंतप्रधान, आणि पापालिई लिओ ताएउ मासिपाउ सभापती म्हणून. म्हणजे एकाच दिवशी एक सभापती बंद दाराचा आणि एक तंबूतला. दोन महिन्यांनी २३ जुलैला अपील कोर्टानं तंबूतली शपथ कायदेशीर ठरवली, तेव्हा कुठं तुइलाएपा उठले.

लाआउली या सगळ्यात पक्षाचा चेअरमन होता. पक्ष त्यानं काढला पण मार्च २०२१ मध्ये नेतृत्व फियामेला दिलं होतं. फियामे म्हणजे देशाच्या पहिल्या पंतप्रधानांची मुलगी, एचआरपीपीत उपपंतप्रधान होती, त्या तीन विधेयकांवरून सप्टेंबर २०२० मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडलेली. त्याला माहीत होतं की तिच्या नावाला सगळ्या बेटांवर मान आहे. आपलं नाव मागं ठेवणं राजकारण्याला किती जड जातं ते आपण गोव्यात रोज बघतो.

साखळीची_बाय

सगळं वाचलं, फार छान लिहिलंय दोघांनी. पण मला मूळ प्रश्नावर बोलायचंय, की सभापती झालेल्या माणसानं पुन्हा पक्षाच्या राजकारणात उतरावं का.

गोव्यात हे नवीन नाही. डॉ. लुईस प्रोतो बार्बोझा १९९० च्या सुरुवातीला सभापती होते, काँग्रेसचे, त्यांनी आणि सोबतच्या आमदारांनी पक्ष सोडला, प्रतापसिंह राण्यांचं सरकार गेलं, आणि १४ एप्रिल १९९० ला बार्बोझा स्वतः मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुढचे सभापती सुरेंद्र सिरसाट यांनी त्यांना पक्षांतरबंदी कायद्याखाली अपात्र ठरवलं आणि राष्ट्रपती राजवट आली. आता बघा, आपल्या घटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे याच पक्षांतरबंदीच्या कायद्यात, सभापतीसाठी खास सूट आहे, निवड झाल्यावर तो पक्षाचं सदस्यत्व सोडू शकतो आणि पद संपल्यावर परत जाऊ शकतो, अपात्र होत नाही. ही सूट तटस्थ राहता यावं म्हणून ठेवलीय. पण वापरतं कोण? आणि २०१९ मध्ये प्रमोद सावंत, आमच्याच साखळीचे, सभापती होते, पर्रीकर गेल्यावर १९ मार्चला मध्यरात्रीनंतर दोन वाजता मुख्यमंत्री म्हणून शपथ झाली. आमच्या इथं रात्रभर कोणी झोपलं नव्हतं.

ब्रिटनमध्ये सभापती झाला की पक्ष सोडतो आणि पुढची निवडणूकही सभापती म्हणूनच लढतो. मला तेच बरोबर वाटतं. ज्या माणसाला उद्या मंत्री किंवा मुख्यमंत्री व्हायचंय तो आज अपात्रतेच्या अर्जावर आपल्याच नेत्याच्या विरुद्ध निकाल देईल का? २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये गेले, त्यांच्यावरचे अर्ज सभापतींनी फेटाळले ते एप्रिल २०२१ मध्ये. पावणेदोन वर्षं! तोपर्यंत निवडणूक तोंडावर आली. यात मला कुठल्या एका पक्षाबद्दल राग नाही, जो सत्तेत असतो तो हेच करतो. म्हणून लाआउलीचं कौतुक करताना मला जरा जपून करावंसं वाटतं. तो सभापती असतानाही एचआरपीपीचाच माणूस होता आणि २०२१ ला दाराला कुलूप लावणारे सभापतीपण एचआरपीपीचेच. खुर्ची पक्षाची राहिली की कधीतरी कुलूप लागतंच.

डिचोलीकर_८८

बाय, तुमचं म्हणणं पटलं, काकांना वाचून दाखवणार आहे. पण मग एक राहिलंच. फियामेला त्यानंच पुढं केलं, तर २०२५ मध्ये तिला बाजूला करून हा पंतप्रधान कसा झाला? भांडण कशावरून?

गॅलरीतला_प्रेक्षक

हा भाग कडू आहे. २०२१ नंतर तो परत कृषिमंत्री झाला. जानेवारी २०२५ मध्ये त्याच्यावर पोलिसांनी आरोप ठेवले. फियामेनं राजीनामा मागितला, त्यानं दिला नाही, तिनं मंत्रिमंडळातून काढलं. त्यानंतर तिनं आणखी काही मंत्री काढले आणि पक्ष सरळ दोन तुकडे झाला. संघटना लाआउलीकडे, सरकार फियामेकडे. पक्षानं तिलाच काढल्याचं जाहीर केलं.

फेब्रुवारीत अविश्वास ठराव आला, तो एचआरपीपीनं आणला होता, ती वाचली. मार्चमध्ये लाआउलीच्या गटानं आणला, तेव्हाही वाचली. कारण दोन्ही विरोधी गट एकमेकांच्या ठरावाला मत देईनात. मे महिन्यात बजेटवर मात्र दोघं एकत्र आले आणि बजेट पडलं. जूनमध्ये संसद बरखास्त, २९ ऑगस्टला निवडणूक.

इथं सभापतीपदाचा अनुभव कामाला आला असं मला वाटतं. कुठल्या दिवशी कुठला ठराव आणायचा, कुठं थांबायचं, सरकार अविश्वासावर नाही तर बजेटवर अडकतं, हे सभागृह आतून चालवलेल्या माणसालाच बरोबर कळतं. डिचोलीकर, तुमच्या काकांना हे नक्की सांगा. ती खुर्ची म्हणजे नियमांची शाळा आहे.

निकाल: फास्ट ३०, एचआरपीपी १४, फियामेच्या नव्या सामोआ युनायटिंग पार्टीला ३, अपक्ष ४. म्हणजे कोणाची गरजच उरली नाही.

मला स्वतःला फियामेबद्दल वाईट वाटतं. ज्या बाईनं त्या तंबूत शपथ घेतली, संसदेचं दार उघडेपर्यंत मागं हटली नाही, तिला चार वर्षांत तीन जागा. पण मतदारांनी दिलेला कौल आहे आणि तो मोकळ्या निवडणुकीत दिलाय, त्याला नाव ठेवता येत नाही.

तिसवाडी_वाचक

एक शंका. तिथं निवडणुकीला कोणीही उभं राहू शकतं का? कुठंतरी वाचलं की फक्त गावप्रमुखच उभे राहतात. मग ही लोकशाही कसली?

मांद्रे_ते_ऑकलंड

हो, उभं राहायला मताई पाहिजे, म्हणजे कुळाचा प्रमुख. १९९० च्या सार्वमतापर्यंत तर मतसुद्धा बहुतेक मताईंनाच होतं, १९९१ पासून २१ वर्षांवरच्या सगळ्यांना मत मिळालं. पण मताईपद बापाकडून मुलाला आपोआप मिळत नाही. कुळातली माणसं बसून ठरवतात, ज्यानं कुळाची सेवा केली त्याला देतात, बायकाही मताई होतात, फियामे स्वतः मताई आहे. हे जे नावाआधी लाआउली, लेआउपेपे, पापालिई येतं ना, ती ही पदं. एका माणसाला दोन-तीन पदं असू शकतात म्हणून नावं एवढी लांब. माझ्या सहकाऱ्याला दोन वर्षांपूर्वी गावानं पद दिलं, तेव्हापासून तिथं कोणाचं लग्न असो वा मयत, पैसे पाठवायची जबाबदारी त्याच्यावर, ओव्हरटाइम करून पाठवतो. म्हणून याला नुसती सरंजामशाही म्हणणं मला बरोबर वाटत नाही. महिला मताई कमी आहेत हा खरा प्रश्न आहे आणि दहा टक्क्यांचा नियम त्याच्यासाठीच आणावा लागला.

आणि मतदानाचं ऐका. परदेशात राहणाऱ्यांना तिथून मत देता येत नाही, जाऊनच द्यावं लागतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडचे किती लोक रजा टाकून आपियाला, म्हणजे तिथल्या राजधानीला, गेले. तिकीट महाग झालं होतं तरी गेले.

साखळीची_बाय

हे वाचून आपली बाहेर असलेली माणसं आठवली. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की आपलं मत कायमचं गेलं, आणि ज्यांचा भारतीय आहे त्यांनाही मतदानाला इथं यावंच लागतं. दादा, तुमच्या त्या सहकाऱ्यानं कोणाला मत दिलं? सांगायचं नसेल तर राहू दे.

मांद्रे_ते_ऑकलंड

सांगितलंय त्यानं, लपवत नाही. २०२१ ला फास्ट, २०२५ लापण फास्ट. मी विचारलं की फियामेचं काय, तर म्हणाला की गावच्या बैठकीत ठरलं तसं दिलं. त्याचा चुलतभाऊ उपोलूवर राहतो, त्यानं फियामेच्या पक्षाला दिलं आणि दोघं अजून एकाच घरी उतरतात.

डिचोलीकर_८८

सगळ्यांचे मनापासून आभार. आता मला १९९० मधलं बार्बोझांचं अपात्रतेचं प्रकरण पूर्ण वाचायचंय, त्या वेळची सभागृहाची कामकाज नोंद मिळते का कुठं? पर्वरीला विधानसभेच्या लायब्ररीत बाहेरच्या माणसाला बसू देतात का, कोणी गेलंय?

गॅलरीतला_प्रेक्षक

आधी लेखी अर्ज करून बघा, कशासाठी पाहिजे ते लिहा आणि ओळखपत्र सोबत ठेवा. अधिवेशन चालू असताना जाऊ नका, तेव्हा तिथं कोणालाच वेळ नसतो. त्या काळातले पेपर पणजीला सेंट्रल लायब्ररीत शोधा, डिसेंबर १९९० चे अंक मागा.